रविवार कोणी मिळवून दिला?



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाची आणि तीत प्रत्येकीने एखाद्या थोर व्यक्तीची माहिती लिहावयाची, असे बैठकीत ठरले. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्या माझ्याहून चांगले लिहितील. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा ज्यांचे नाव आपल्या बैठकीत सहसा निघत नाही, परंतु ज्यांनी केलेल्या खटपटीचे फळ आपल्या घरोघरी दर आठ दिवसांनी पोचते, अशा एका गृहस्थांची हकीकत लिहावी असे मनात आले. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. वाचनालयातून पुस्तके आणून, दुपारच्या सवडीने वाचून जे समजले ते सोप्या शब्दांत मांडते.

लोखंड्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. त्यांचे मूळ घराणे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, फुलमाळी समाजाचे. हे १८४८ साल मोठे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्याच वर्षी तिकडे लंडनात कार्ल मार्क्स आणि एंगल्स यांचा कामगारांविषयीचा प्रसिद्ध जाहीरनामा छापला गेला. ठाण्याच्या माळ्याघरी जन्मलेल्या मुलाचा या दोन गोष्टींशी त्या दिवशी काही संबंध नव्हता. पुढे मात्र पुण्याच्या शाळेमागचा विचार आणि कामगारांचे दुःख या दोहोंची गाठ त्याच्याच हातून पडायची होती.

घरची स्थिती बेताची, त्यामुळे मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांना नोकरी धरावी लागली. आरंभी रेल्वेच्या टपाल खात्यात आणि नंतर मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. गिरणीतले सामानसुमान, त्याचा हिशेब, किल्ल्या त्यांच्याकडे. काम तसे बसून करण्याचे. परंतु कोठीच्या दारात बसलेल्या माणसाला सबंध गिरणी दिसते, आणि जे दिसले ते त्यांना स्वस्थ बसू देईना.

त्या वेळची गिरणी कशी होती ते सांगितले पाहिजे. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी उभारावयास घेतली आणि ती १८५६ च्या सुमारास सुरू झाली. पुढील वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांची धुरांडी मुंबईभर झाली. कोकणातून, घाटावरून माणसे पोटासाठी तेथे गेली. गिरणीत विजेचे दिवे नव्हते, तेव्हा कामाचे घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडले की यंत्र सुरू, मावळले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम मोठे. तेरा-तेरा, चौदा-चौदा तास. दुपारी जेवावयास ठरलेली सुट्टी नाही. पगार महिना उलटून कितीतरी दिवसांनी हाती पडावयाचा. यंत्रात हात गेला तर ते त्याचे नशीब. रिळावर सूत गुंडाळण्याच्या खात्यात बायका असत, आणि लहान मुलेही असत. १८८१ साली सरकारने पहिला कारखाना कायदा केला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसास नऊ तास आणि महिन्यास चार सुट्ट्या असा नियम घालून दिला. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांविषयी, मग तो पुरुष असो वा बाई, त्या कायद्यात एक अक्षर नव्हते.

लोखंडे १८७४ साली सत्यशोधक समाजात आले. हा समाज जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास स्थापन केला होता. या समाजाच्या विचाराचे 'दीनबंधु' नावाचे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केले, परंतु पैशावाचून ते चालेना. तेव्हा लोखंड्यांनी ते मुंबईस नेले आणि ९ मे १८८० पासून पुन्हा काढावयास प्रारंभ केला. या कामी त्यांना मुंबईतील तेलुगू मंडळींचे, विशेषतः रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांचे मोठे साहाय्य झाले. देगलूर, बिलोलीकडच्या आपल्या भगिनींना याचे कौतुक वाटेल, कारण तिकडे मराठी आणि तेलुगू एकाच ओसरीवर बोलली जाते. मुंबईत तीच दोन भाषांची माणसे एका मराठी पत्राच्या पाठीशी उभी राहिली.

'दीनबंधु'त शेतकरी, कारागीर आणि गिरणीतला मजूर यांची गाऱ्हाणी येऊ लागली. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. परंतु त्या काळची बरीच देशाभिमानी पत्रे कारखाना कायद्याच्या विरुद्ध होती. त्यांचे म्हणणे असे की, विलायतेतील लँकेशायरच्या गिरणीमालकांना आपला कापडधंदा बुडवावयाचा आहे, म्हणून ते मजुरांचा कैवार घेऊन असले कायदे करवितात. हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. लँकेशायरवाल्यांना हिंदी मजुराची कणव आली होती असे कोणी समजू नये. परंतु मालक देशी असला म्हणून चौदा तास उभे राहणाऱ्या बाईचे पाय दुखावयाचे राहत नाहीत, ही साधी गोष्ट लोखंड्यांनी ओळखली. मला वाटते, त्यांचा मोठेपणा येथेच आहे.

ते समाजवादी म्हणवीत नसत. ते सत्यशोधक होते. स्वभावानेही सावध. जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकाची दोन प्रकरणे १८८३ साली 'दीनबंधु'त छापून झाल्यावर पुढची छापण्यास त्यांनी कचरून नकार दिला. जोतीरावांना याचा राग आला आणि त्यांनी तो लिहून ठेवला. सरकारला अर्ज करावा, सभा घ्यावी, सह्या जमवाव्यात, कमिशनपुढे साक्ष द्यावी, ही लोखंड्यांची रीत. गुरूइतकी धार शिष्याच्या अंगी नव्हती. परंतु चिकाटी होती, आणि पुढे जे झाले ते त्या चिकाटीने झाले.

१८८४ साली सरकारने गिरण्यांची स्थिती पाहण्यास एक कमिशन नेमले. मालकांचे म्हणणे, आमच्या कामगारांची काही तक्रारच नाही. तेव्हा लोखंड्यांनी कामगारांनाच बोलते केले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी परळ आणि भायखळा भागात कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या कोणत्या होत्या पहा. आठवड्यातून रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापुरती तजवीज व्हावी. एवढेच! यात कोठे गिरणीचा वाटा मागितलेला नाही की मालकाची गादी मागितलेली नाही.

याच काळात लोखंड्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संस्था उभी केली. हिंदुस्थानातील कामगारांची ही पहिली संघटना म्हणून गणली जाते आणि त्यावरूनच लोखंड्यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणतात. खरे पाहता या संस्थेला सभासदांची वही नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती. अध्यक्ष, सल्लागार आणि अर्ज लिहिणारा सर्व एकच माणूस. आपले मंडळ स्थापन झाले तेव्हाचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना हे नवल वाटणार नाही. पुष्कळ कामे प्रथम एकाच्या घरच्या ओसरीवर सुरू होतात.

पहिल्या अर्जाने काही झाले नाही. वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लोखंड्यांनी सभा बोलाविली आणि दहा हजार कामगार जमले. तिकडे अमेरिकेत शिकागोच्या कामगारांनी १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी लढा दिला होता, आणि त्यांच्या स्मरणार्थ युरोप-अमेरिकेत पहिला जागतिक कामगार दिन १ मे १८९० रोजी पाळला गेला. आपली महालक्ष्मीची सभा त्याच्या बरोबर सात दिवस आधीची. हे वाचून माझी छाती भरून आली, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्या सभेत दोन बायका बोलल्या. गिरणीत काम करणाऱ्या साध्या बायका, दहा हजार माणसांपुढे उभ्या राहिल्या आणि आम्हालाही आठवड्याची सुट्टी पाहिजे म्हणाल्या. त्या काळी चार पुरुषांत मोठ्याने बोलणे हेही बाईला शोभत नसे. आज ध्वनिक्षेपक असून हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात दोन शब्द बोला म्हटले तर आपण पदर सावरून मागे सरतो. त्या दोघींपाशी तर काहीच नव्हते. पुस्तकांतून त्यांचा उल्लेख 'दोन स्त्रिया' एवढाच येतो. लोखंड्यांचे नाव राहिले ते योग्यच झाले. परंतु त्या दोघींनाही आपण आपल्या मनात जागा द्यावी.

सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. साहेबाच्या कचेऱ्या त्यांच्या धर्मानुसार रविवारी बंद असतच. मजुराला मात्र तो दिवस मागून, सह्या करून, सभा भरवून मिळवावा लागला. रविवारच का, याविषयी असे सांगतात की, रविवार हा आमच्या खंडोबाचा वार, असे लोखंड्यांनी पटवून दिले. माळेगावच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या नांदेडकडच्या माणसाला हे पटकन पटेल. बहुतेकांच्या घरी मल्हारी असतो आणि रविवारी त्याची तळी उचलली जाते. साहेबाचा सुट्टीचा वार आणि मजुराच्या देवाचा वार एकच निघाला.

त्याच वर्षी सरकारने दुसरे कमिशन नेमले आणि त्याच्या मदतीस कामगारांच्या वतीने लोखंड्यांना घेतले. १८९१ साली नवा कायदा झाला. आठवड्याची सुट्टी आता मालकाची मर्जी न राहता कायद्याचा हक्क झाली. बायकांना दिवसास अकरा तासांहून अधिक काम देऊ नये आणि त्यात दीड तासाची विश्रांती द्यावी असे ठरले. नऊ वर्षांखालील मुलांना कामाची बंदी झाली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास ठरले. अकरा तास म्हणजे काही सुख नव्हे. पण आधी मोजमापच नव्हते, ते सुरू झाले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात सरकारात मजूर खात्याचे काम पाहत असताना आठवड्याचे ५४ तास होते ते ४८ वर आणण्याचा कायदा झाला. एका पिढीने ओढलेली दोरी दुसऱ्या पिढीने पुढे ओढली.

लोखंड्यांचे आणखी एक काम आपण बायकांनी कधी विसरू नये. तेव्हा उच्चवर्णीय घरांत नवरा मेला की बाईचे केशवपन करीत. दहा-बारा वर्षांची पोर असली तरी न्हावी बोलावून तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरवीत. याविरुद्ध व्याख्याने पुष्कळ झाली, लेखही पुष्कळ आले. लोखंड्यांनी १८९० च्या एप्रिलात मुंबईत न्हाव्यांचीच सभा घेतली आणि विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाही असे त्यांच्याकडून ठरवून घेतले. ज्याच्या हातात वस्तरा तोच नाही म्हणाला, तर शास्त्र सांगणारा काय करील? मजुराच्या हाताची ताकद ओळखलेल्या माणसालाच ही युक्ती सुचावी.

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. तेव्हा राणीच्या बागेत दोन्ही समाजांची सभा घेऊन त्यांनी सलोखा करण्याची खटपट केली. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग शिरला. गिरणगावाच्या कोंदट चाळींत माणसे पटापट मरू लागली. ज्यांना पळता आले ते गावी पळाले. लोखंडे रोग्यांच्या मदतीत राहिले आणि त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले. वय पन्नाशीच्या आतले. त्यानंतर सुमारे महिन्याने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. दोघांचीही शिकवण एका घरची, आणि जाणेही एका वाटेने झाले. २००५ साली भारत सरकारने लोखंड्यांच्या नावाचे टपालाचे तिकीट काढले.

आता आपल्या भागाविषयी. इंग्रज सरकारचा कायदा इंग्रजी मुलखापुरता होता. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात. लातूरला बार्शी लाईट रेल्वे १९११ साली आली आणि कापूस, तूर, करडईच्या व्यापाराने पेठ वाढली. नांदेडास विसाव्या शतकात उस्मानशाही मिल निघाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, तेव्हा मुंबईच्या कामगाराला रविवार मिळून अठ्ठावन्न वर्षे झाली होती.

माझे सासर नांदेडचे. सासरे मिल कामगार होते. आता त्या मिलचा भोंगा थांबून बरीच वर्षे झाली, पण सासूबाई अजून सांगतात की, सुट्टीच्या दिवशी सासरे मुलांना घेऊन गोदावरीवर जात, येताना भाजी आणत आणि दुपारी स्वस्थ झोपत. त्या झोपेमागे महालक्ष्मीचे दहा हजार लोक होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. माझे माहेर लातूरचे. माझी आई एका डाळमिलमध्ये रोजंदारीने तूर निवडण्यास जाई. तिला वार नव्हता. गेली तर हजेरी, नाही गेली तर खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे बुडाले. रविवारी आमची शाळा बंद असे. आई मात्र डबा घेऊन निघालेली असे. सासऱ्यांचे नाव मस्टरवर होते, आईचे कोठेच नव्हते. कायदा नाव असलेल्या माणसाला सापडतो. हे मला लोखंड्यांविषयी वाचताना उमगले.

म्हणून सुट्टीविषयी बोलताना दोन गोष्टी एकत्र बोलल्या पाहिजेत: सुट्टी आणि तिचे पैसे. हातावर पोट असणाऱ्या बाईला बिनपैशाची सुट्टी म्हणजे उपास.

आज आपल्या घरोघरी धुणेभांडी, झाडलोट, पोळ्या करावयास ज्या बाया येतात त्यांचेही असेच आहे. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने, घरकाम करणाऱ्यांना आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती असावी असा करार केला. परंतु आपल्या स्वयंपाकघरात पाहावयास कोणी इन्स्पेक्टर येत नाही. तेथे मालक आपणच आणि कमिशनही आपणच.

मी हा विषय काढला तेव्हा बैठकीत प्रश्न आला की, त्या दिवशी भांडी कोण घासणार? रविवारी तर पाहुणे असतात, काम दुप्पट असते. प्रश्न खरा आहे. गृहिणीला तर कोणताच वार मोकळा नसतो, हेही खरे. परंतु आपल्यालाही रविवार नाही म्हणून तिलाही नको, असे म्हणण्यापेक्षा घरातल्या ज्यांना रविवार आहे त्यांनी दोन भांडी विसळावीत, हा मार्ग मला अधिक बरा वाटतो. त्या निमित्ताने आपल्या वाट्यालाही अर्धा रविवार येईल.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. मंडळाच्या प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईला महिन्यास चार दिवस, पगार न कापता, सुट्टी द्यावी. वार तिने ठरवावा. रविवार असो, नाहीतर तिच्या गावच्या बाजाराचा दिवस असो. तो कॅलेंडरवर लिहून ठेवावा, म्हणजे मर्जीवर राहणार नाही. १८८१ च्या कायद्याने गिरणीतल्या पोरांनाही महिन्यास चार सुट्ट्या दिल्या होत्या. त्याहून कमी आपण देऊ नये. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन देण्यास एखादी भगिनी उठली तर बरे होईल. महालक्ष्मीच्या मैदानावरही दोघीच उठल्या होत्या.